बेडोकचा कोंबडीचोर

भाऊसाहेब नगराळ्यांनी आयुष्यात कोणाची काडीसुद्धा चोरली नाही, असं उमरेड तालुक्यात कोणीही छातीठोकपणे सांगेल. कुरडयांचं मात्र तालुक्याला कोणी विचारलं नव्हतं.

वीज मंडळात ते लाईनमन म्हणून खांबावर चढले आणि लाईन इन्स्पेक्टर होऊन रिटायर झाले. तारेवर आकडे टाकून फुकटची वीज जाळणारे लोक त्यांचं नाव ऐकलं की चळचळा कापायचे. धाडीला निघताना भाऊसाहेब हाताखालच्या पोरांना एकच गोष्ट सांगत, "चोराला काही विचारू नका रे. चोर खोटं बोलतो, त्याचं घर नाही बोलत. घर बघा." घरी आल्यावर जेवताना हीच गोष्ट बायकोला पुन्हा ऐकवत. अशी तीस-बत्तीस वर्षं ऐकवली. बेबीताईंना ती पाठ झाली होती आणि तिचा पुढेमागे काय उपयोग होईल, हे या शहाण्या माणसाच्या डोक्यात कधी आलंच नाही.

रिटायर झाल्यावर दोघं सिंगापूरला मुलाकडे आले. प्रफुल्ल वन-नॉर्थ भागात कुठल्याशा लॅबमध्ये संशोधन करायचा, सून रुपाली बँकेत होती. बेडोकमधल्या उंच इमारतीत फ्लॅट, दारासमोर लांबलचक सामाईक कॉरिडॉर आणि शेजारी मॅडम टेओ नावाची चिनी म्हातारी. भाऊसाहेबांचे दिवस मजेत चालले होते. सकाळी पार्कात चक्कर, मग हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कॉफी, मग कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून खालच्या लोकांवर नजर. आणि मग एका डॉक्टरने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला आणि म्हणाला, मीठ बंद.

बंद म्हणजे बंद. डॉक्टर एकदा बोलून गेला, बेबीताई रोज अंमलबजावणी करू लागल्या. लोणचं गेलं, पापड गेला, ठेचा गेला. वरणात मीठ पडायचं ते पाहुण्यासारखं, येऊन न येऊन सारखंच. "ही काय जिंदगी आहे?" असं भाऊसाहेब रोज ताटावर बसून विचारायचे आणि बेबीताई रोज "जेवा मुकाट्यानं" असं उत्तर द्यायच्या.

अशात कुरडयांचं निघालं. दरवर्षी वेसाकच्या सुट्टीला, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेला, नगराळ्यांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मराठी बौद्ध कुटुंबं जमायची. भाऊसाहेब खणखणीत आवाजात त्रिसरण-पंचशील सांगायचे, सगळे मागून म्हणायचे आणि मग जेवण. गेल्या साली बेबीताईंनी सहज म्हटलं, पुढच्या खेपेला आमरसाबरोबर कुरडया करू. त्यावर कॉन्डोत राहणारी नीता म्हणाली, "कशाला एवढा त्रास, मावशी? लिटिल इंडियात पाकीट मिळतं. आणि इथल्या हवेत कुरडई वाळते का कधी?"

झालं! बेबीताईंच्या कुरडईला कोणी पाकीट दाखवावं? त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, की पुढच्या वेसाकला एकूण एक पानात घरची कुरडई पडेल, नाही पडली तर बेबी नगराळे नाव सांगणार नाही. हिवाळ्यात नागपूरला गेल्या तेव्हा परत येताना पितळी सोऱ्या बॅगेत घालून आणला. विमानतळावर तपासणाऱ्या पोराने तो चहूबाजूंनी निरखून हे कसलं हत्यार म्हणून विचारलं, तेव्हा बाईंनी तिथेच हवेत कुरडई पाडून दाखवली.

एप्रिल लागला तशा बाई कामाला लागल्या. गहू भिजवले, वाटले, चीक काढला, शिजवला आणि कॉरिडॉरमध्ये जुन्या लुगड्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडयांची वेटोळी मांडली; एक घाणा वाळून डब्यात गेला की दुसरा. मॅडम टेओ तिथेच पलीकडे संत्र्याच्या साली वाळवायची, त्यामुळे शेजारधर्माचा प्रश्न नव्हता. राखणीला कोण? रिकामं घरात एकच माणूस होतं.

"अहो, दुपारी मी जरा पडते. नीट लक्ष ठेवा. त्या काळ्या साळुंक्या टपूनच असतात."

"मी असताना?" भाऊसाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले. "तारेवरचा आकडा सुटला नाही माझ्या नजरेतून, साळुंकी काय सुटते!"

आता नीता बोलली त्यात थोडं तथ्य होतं. नागपूरच्या उन्हात कुरडई दोन दिवसांत खडखडीत होते, सिंगापूरच्या दमट हवेत तिला आठवडा लागतो. म्हणजे ती अर्धवट वाळलेली अवस्था, वरून करकरीत आणि आत मऊ लुसलुशीत, दातांना जराशी चिकटणारी, हिंगाची, आणि अहाहा, मिठाची! ज्या मराठी माणसाने लहानपणी ओली कुरडई पळवली नाही, त्याचं बालपणच झालं नाही असं समजावं. भाऊसाहेबांचं झालं होतं. नऊवारीच्या आड लपून आईच्या कुरडया लांबवताना कानशिलात खाल्लेली चपराक त्यांना अजून आठवत होती, आणि चव तर त्याहून जास्त आठवत होती.

पहिल्या दुपारी त्यांनी फक्त एक तुटकी कुरडई खाल्ली. तुटकी काय कामाची, असा विचार केला. दुसऱ्या दुपारी तुटकी सापडेना, म्हणून एक तोडली. मग काय, कुंपणच शेत खायला लागलं. आणि पकडले जाऊ नये म्हणून भाऊसाहेब मधल्या रिकाम्या जागा दिसेनाशा करत. उरलेल्या कुरडया हळूच सरकवून पुन्हा सारख्या अंतरावर, सरळ ओळीत लावून ठेवत. आयुष्यभर खांब एका रेषेत उभे करत आलेला माणूस, वाकडं काही त्यांना बघवत नसे.

बेबीताईंनी आठवड्यात ओळखलं की माल घटतोय. "काय हो, कमी कशा झाल्या?"

"साळुंक्या!" भाऊसाहेबांच्या तोंडून असं फाडकन निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "काय सांगू तुला बेबी, डोळा चुकवतात हरामखोर. मी इकडे बघतो तर तिकडून, तिकडे बघतो तर इकडून."

मॅडम टेओ दारात उभी होती. तिने सगळं बघितलं होतं, अगदी पहिल्या तुटक्या कुरडईपासून. तिला मराठी येत नव्हतं, पण नवऱ्याचं असं तोंड ओळखायला कुठली भाषा लागते? तिने भाऊसाहेबांकडे बघून एक डोळा मिटला आणि आत गेली.

बेबीताईंनी साळुंक्यांशी युद्ध पुकारलं. पण युद्धाला मर्यादा होती. जिवाला इजा करायची नाही, पहिलंच शील आहे. तेव्हा फक्त घाबरवायचं. बांबूला चमकणारे कागद बांधून झाले, हातात काठी घेऊन हुश-हुश करून झालं. शेवटी त्यांनी प्रफुल्लला गाठलं. "एवढा शिकलास, एक साळुंकी हाकलता येत नाही तुला?"

प्रफुल्ल आधी काही वर्षं अमेरिकेत होता. तिथून आणलेली पक्ष्यांच्या आवाजांची एक सीडी त्याने कपाटातून शोधून काढली आणि डेकमध्ये घातली. जेवणाची वेळ होती. एकदम किंचाळी उठली, कीऽऽऽर्र, वरून खाली घसरत येणारी, अंगावर काटा आणणारी. रुपालीच्या हातातला डाव वरणात पडला.

"हा लाल शेपटीचा ससाणा," प्रफुल्ल म्हणाला. "तिकडे हायवेने गेलं की दिसतोच. विजेच्या खांबावर बसलेला असतो, उंदरांवर नजर ठेवून."

"खांबावर?" भाऊसाहेबांनी घास हातातच धरला. "किती केव्हीची लाईन असते तिकडे?"

"ते नाही बघितलं, बाबा."

"बघायला पाहिजे होतं," भाऊसाहेब म्हणाले. पण पक्षी त्यांच्या मनात भरला. खांबावर बसून चोरांवर नजर ठेवणारा, म्हणजे खात्यातलाच की! त्यांनी विचारलं, "लोक मान देत असतील त्याला?"

"कसला मान! शेतकरी त्याला चिकनहॉक म्हणतात. कोंबडीचोर ससाणा. खरं म्हणजे हा बहुतेक उंदीर आणि खारी खातो, कोंबडीच्या वाटेला फारसा जात नाही. कोंबड्या पळवणारे दुसरेच असतात, चपळ. ते झाडीतून येतात आणि पसार होतात. हा बिचारा उघड्यावर खांबावर बसलेला दिसतो ना, म्हणून सगळा आळ याच्यावर. किती मारले लोकांनी गोळ्या घालून! आणि गंमत म्हणजे सिनेमात गरुड उडताना दाखवतात, तेव्हा आवाजही पुष्कळदा याचाच लावतात. बदनामी याची, आवाज याचा, रुबाब मात्र गरुडाचा."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बेबीताई हळहळल्या. "बिचाऱ्यावर केवढा अन्याय. खरा चोर कुठे तरी पोट भरून निवांत बसला असेल, नाही का हो?"

भाऊसाहेबांना जोराचा ठसका लागला. रुपालीने पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी डेक कॉरिडॉरमधल्या चपलांच्या कपाटावर विराजमान झाला. "पण आई," प्रफुल्ल निघता निघता म्हणाला, "हा अमेरिकेतला पक्षी. इथल्या साळुंकीच्या सात पिढ्यांनी त्याला बघितलेला नाही. ती कशाला घाबरेल?"

"तुझ्या बाबांनी तरी भूत कुठे बघितलंय? तरी उमरेडला चिंचेखालून जाताना गाणी म्हणायचे."

साळुंक्या घाबरल्या. पहिल्या किंचाळीला अख्खा थवा उडाला तो समोरच्या इमारतीवर जाऊन बसला. खालच्या मजल्यावरचे दोन म्हातारे गरुड कुठे आहे म्हणून माना वर करून बघत राहिले. बेबीताई टाळ्या पिटायच्या तेवढ्या बाकी होत्या. पण भाऊसाहेबांची पंचाईत झाली. साळुंक्या नाहीत म्हणजे आता कुरडई कमी झाली तर नाव कोणाचं घ्यायचं?

मोठ्या निग्रहाने ते काही दिवस गप्प बसले. एका कुरडईला हात लावला नाही. आणि त्याचा परिणाम काय झाला? बेबीताईंनी संध्याकाळी मोजणी करून जाहीर केलं, "बघा! ससाणा आला आणि चोरी थांबली. म्हणजे त्या मेल्या साळुंक्याच होत्या!" बघा दैवाचा खेळ. हा माणूस प्रामाणिक झाला आणि त्याच्या प्रामाणिकपणानेच साळुंक्यांवरचा आळ पक्का झाला. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण न खाताही किती खवखवतं हे भाऊसाहेबांना त्या आठवड्यात कळलं. रात्री अंथरुणावर पडलं की तो कोंबडीचोर ससाणा डोळ्यांसमोर खांबावर येऊन बसायचा आणि यांच्याकडे टक लावून बघायचा.

वाईट वाटायचं, खरंच वाटायचं. बेबी त्या चिकापायी मनगट दुखवून घेतेय, चारचौघांत तिने शब्द दिलाय, आणि आपण तिच्याच अब्रूचा घास केला. शिवाय वेसाकला उभं राहून पंचशील सांगायचं आपण. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही, हे पन्नास माणसांकडून म्हणवून घ्यायचं कोणत्या तोंडाने? रोज रात्री ते ठरवायचे, उद्याही हात लावायचा नाही. आणि रोज दुपारी वाऱ्यावर हिंगाचा वास यायचा.

एका दुपारी त्यांचा धीर सुटला. बेबीताई आत घोरत होत्या. भाऊसाहेब उठले, इकडेतिकडे बघितलं आणि डेकची पिन भिंतीतून काढून टाकली. ज्या हातांनी जन्मभर लोकांची चोरटी कनेक्शनं कापली, त्याच हातांनी आज चोरीसाठी कनेक्शन कापलं. ससाणा मुका झाला. थोड्या वेळाने साळुंक्या परत आल्या आणि कठड्यावर ओळीने बसल्या. "या, या," भाऊसाहेब पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाले आणि एक कुरडई उचलली.

खाता खाता त्यांच्या लक्षात आलं, की पक्षी नुसते बघताहेत. एकही पुढे येईना. त्यांनी एक तुकडा मोडून टाकला. एक साळुंकी टुणटुण करत आली, चोच लावली आणि दोन्ही बाजूंनी कठड्यावर चोच पुसून मागे झाली. त्यांना कुरडई नकोच होती! त्या आल्या होत्या मॅडम टेओच्या कुंडीतल्या किड्यांसाठी. इतके दिवस शिव्या खाल्ल्या आणि कुरडईचा कणही खाल्ला नाही. भाऊसाहेबांना घास गिळवेना. नंतर गिळला म्हणा, टाकून कसा देणार, पण गिळवेना.

तेवढ्यात आतून बेबीताईंची चाहूल लागली. डेक बंद, पिन लोंबतेय, हातात कुरडई! भाऊसाहेब जागच्या जागी थिजले. आणि काय आश्चर्य, अगदी त्याच क्षणी किंचाळी आली, कीऽऽऽर्र! कठड्यावरची तीच साळुंकी मान फुगवून ससाण्याचा आवाज काढत होती. रोज ऐकून ऐकून शिकली होती बया.

"वाजतंय ना हो नीट?" आतून बेबीताईंनी विचारलं.

"वाजतंय, वाजतंय," भाऊसाहेब म्हणाले. ज्या पाखरावर आळ घेतला, त्यानेच अब्रू राखली. त्यांनी साळुंकीला मनोमन हात जोडले.

असं करता करता वेसाक उंबरठ्यावर आला. बेबीताईंनी डबे तपासले आणि शेवटचा एक घाणा घालायचं ठरवलं. हा घाणा खास होता. पंचशील ध्वजाचे पाच रंग, निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, अशा पाच रंगांच्या कुरडया. ध्वजासारख्याच त्या पट्ट्यापट्ट्यांनी लुगड्यावर मांडल्या आणि निळा पट्टा भाऊसाहेबांच्या खुर्चीला लागून आला. इमारतीतले लोक मुद्दाम बघायला आले. मॅडम टेओने तर फोटो काढला.

वेसाकच्या सकाळी बाकीच्या कुरडया डब्यात गेल्या होत्या, काही निळ्या मात्र अजून ओलसर होत्या. बेबीताई म्हणाल्या, "मी खाली मांडामांड बघते. तुम्ही कपडे करा आणि या." भाऊसाहेबांनी पांढरा झब्बा, पांढरा पायजमा चढवला. दाराला कुलूप लावलं. चार पावलं गेले आणि मागे वळले. शेवटची एकच. उद्यापासून कुरडयाच नसणार, तर चोरी कुठून होणार? त्यांनी एक निळी कुरडई तोंडात टाकली, मग सोबतीला आणखी एक, आणि उरलेली ओळ नीट सरळ करून लिफ्टने खाली गेले.

खाली सतरंज्यांवर सगळे बसले होते. समोर टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, फुलं. नीता पहिल्या रांगेत होती. मॅडम टेओ आमंत्रणावरून हजर, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर. भाऊसाहेब उभे राहिले आणि हात जोडून त्रिसरण सुरू केलं.

आवाज नेहमीसारखा खणखणीत. पण मागून येणारा आवाज मात्र ढेपाळत चालला होता. पहिल्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. नीताने पदर तोंडाला लावला. प्रफुल्ल खाली मान घालून थरथरत होता. भाऊसाहेबांना वाटलं, भक्तिभावाने असेल. पहिलं शील झालं. दुसऱ्या, न दिलेलं न घेण्याच्या शीलाला त्यांनी आवाज चढवला, "अदिन्नादाना वेरमणी..."

मॅडम टेओला राहवलं नाही. तिने आपली जीभ बाहेर काढली, बोटाने दाखवली आणि म्हणाली, "अंकल, युवर टंग, सो ब्लू लाह!"

भाऊसाहेबांनी खिशातला पांढरा रुमाल काढून जिभेला लावला. रुमालावर निळ्याशार रंगाचा डाग उमटला. आणि वरच्या कॉरिडॉरमधून, डेक तर बंद होता, स्वच्छ किंचाळी आली, कीऽऽऽर्र.

बेबीताई बाजूला हात जोडून उभ्या होत्या. भाऊसाहेबांच्या मनात आलं, म्हणावं औषधाचा रंग आहे. शब्द निळ्या जिभेवर आलाही. मग त्यांना तो खांबावरचा ससाणा आठवला आणि चोच पुसून मागे सरलेली साळुंकी आठवली.

"कुरडया साळुंक्यांनी नाही खाल्ल्या," ते म्हणाले. "मी खाल्ल्या. पहिल्यापासून मीच. पक्ष्यांवर उगाच आळ घेतला. बेबी, चुकलो."

"बरं," बेबीताई म्हणाल्या. "आता ते दुसरं शील पूर्ण करा. अजून तीन बाकी आहेत. आणि चौथं जरा जोरात म्हणा."

असा हशा उठला की मेणबत्त्या विझायच्या राहिल्या. पण भाऊसाहेबांनी पाचही शीलं पूर्ण केली, आणि चौथं, खोटं न बोलण्याचं, इतक्या जोरात म्हटलं की वरून साळुंक्या उडाल्या.

पंगत बसली. आमरस आला आणि प्रत्येक पानात घरची कुरडई पडली, एकही पान सुटलं नाही. बेबीताईंनी एक डबा म्हणे पहिल्यापासूनच पलंगाखाली वेगळा ठेवला होता. नीताने तीनदा मागून घेतली. भाऊसाहेब मान खाली घालून बसले होते. बेबीताई त्यांच्यासमोर आल्या.

"तुला कधीपासून माहीत होतं?" भाऊसाहेबांनी हळूच विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून. साळुंकी कुरडई खाते आणि उरलेल्या सरळ ओळीत लावून ठेवते होय? चोराला विचारू नये, घर बघावं. तुम्हीच सांगितलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसरीकडे कुठे जाऊन मीठ खाल्लं असतं. त्यापेक्षा म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर राहू दे." त्यांनी पानात दोन तळलेल्या निळ्या कुरडया वाढल्या. "खा. निळ्यांत मीठच घातलं नव्हतं. त्या तुमच्याच होत्या."

भाऊसाहेब बघतच राहिले. "मीठ नव्हतं? अगं, चांगली खारट लागली की मला!"

"चोरीची होती ना," बेबीताई म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या. भाऊसाहेबांनी कुरडई मोडली आणि तोंडात घातली. अगदीच अळणी होती. डोळे पुसत त्यांनी ती शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.